काचेची गाडी चार बोटं वर

४ ऑक्टोबर

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. जाताना तू बजावलं होतंस की या घरातून तुला कोणीही फोन करायचा नाही. दीड वर्ष आम्ही ते पाळलं. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस, म्हणून लिहितो आहे. यात तुला माझा लबाडपणा दिसत असेल तर दिसू दे. या वयात तेवढाच शिल्लक राहिला आहे.

काम धंद्याचं आहे. आपली पिकअप उंच करायची आहे. वर डोंगरावर एक गिऱ्हाईक आहे, त्यांच्या खिडक्यांना काचा बसवायच्या आहेत. शेवटच्या चढावर पाण्याने रस्ता खरवडून नेला आहे आणि दगड उघडे पडले आहेत. मागच्या आठवड्यात रस्ता बघायला म्हणून तिथवर गेलो, तर गाडीचं पोट दगडाला असं घासलं की मी सीटवरच पाय वर घेतले. तसाच मागे फिरलो.

तेव्हापासून जो भेटेल तो फुकटचा सल्ला देतो आहे. शहरातला दुकानदार म्हणतो, गाडी उंच करायचा परदेशी बनावटीचा पूर्ण संच बसवा. त्याची किंमत ऐकून मी त्याला गाडीची किंमत सांगितली. नाकापेक्षा मोती जड कशाला? टायरवाला म्हणतो, मोठे टायर टाका. गॅरेजवाला म्हणतो, चारही चाकांच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक जाड पाटा वाढवा. नाक्यावरचा वेल्डर म्हणतो, एवढं काहीच नको, मी खालचा सांगाडा आणि वरची बॉडी यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून एका दिवसात गाडी उचलून देतो. सगळ्यांत स्वस्त तोच. आमचे चिरंजीव म्हणतात, गाडीच विका. त्यांच्याशी मी बोलत नाही, म्हणजे या विषयावर.

तू तुझ्या वडिलांच्या पाट्यांच्या भट्टीत वाढलीस. गाडीत बसल्या बसल्या सांगायचीस, मागचा डावा पाटा मोडला आहे, आणि उतरून बघावं तर मोडलेलाच असायचा. चिरंजिवांना पाटा आणि फळी यांतला फरक अजून कळत नाही. मग मी विचारू कोणाला?

अट एकच आहे. गाडी उंच व्हायला हवी, पण कडक व्हायला नको. काच गाडीतल्या घोडीवर, त्या तिरक्या लाकडी चौकटीवर, उभी बांधून न्यायची असते हे तुला माहीत आहे. गाडी खाडखाड आपटायला लागली की घोडीच्या लाकडावर टेकल्या जागी काच तडकते, आणि पोहोचेपर्यंत आपल्याला पत्ताही लागत नाही.

भिंगरीने माझ्या वाढदिवसाला चित्र पाठवलं ते मिळालं. घर काढलं आहे, दार आहे, जिना आहे, खिडक्या निळ्या रंगवल्या आहेत. मला वाटलं, आभाळ असेल. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘आजोबा, आमचं प्लास्टिक निळं आहे.’ चित्र छान आहे. दुकानात लावलं आहे.

तिकडे थंडी कधी सुरू होते?

तुझा सासरा

१५ ऑक्टोबर

चि. सूनबाईस,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी लिहिल्यास. ‘गिऱ्हाईक कोण ते कळलं. काच नको, प्लास्टिकने भागतं आहे. ओरखडा नक्की कुठे आला ते गाडीखाली झोपून बघा आणि मग ठरवा.’

पहिल्या दोन ओळी वाचून वाईट वाटलं. तिसरी वाचून बरं वाटलं. जिला काच नको तिला ओरखड्याची चौकशी कशाला?

बरं, आता लपवत नाही. गिऱ्हाईक तूच. या गावातल्या निम्म्या खिडक्यांना मी काचा लावल्या. ज्यांनी पैसे बुडवले त्यांच्या खिडक्यासुद्धा मीच बंद केल्या. आणि माझी नात डोंगरावर दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये ठोकलेल्या प्लास्टिकमागे अभ्यास करते. वारा आला की ते रात्रभर फडफडत असेल. तू लोकांना खोकल्याची औषधं वाटतेस, तुला मी काय सांगू? मला ते सहन होत नाही, एवढंच सांगतो. थंडीच्या आधी तिथे काच लागली पाहिजे. तुमच्या दोघांच्या भांडणात काचेने कोणाचीही बाजू घेतलेली नाही.

आता दुसरी गोष्ट. तुझं कार्ड येईपर्यंत मला दम धरवला नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी वेल्डरकडे गेलो. त्याने खरोखरच एका दिवसात ठोकळे घातले. मी टेप काढून जमिनीपासून टपापर्यंत माप घेतलं, आधीच्या मापाशी ताडून पाहिलं, गाडी चार बोटं उंच झाली होती. मी खूश. टाकाऊ मालातली एक काच घोडीवर बांधली आणि थेट चढ गाठला. त्याच दगडाला गाडी तश्शीच घासली. आवाजसुद्धा तोच.

टपाचं माप कोणी घेतं का? दगड काय टपाला लागणार होता? पण आयुष्यभर खिडक्या मोजल्या, त्यामुळे डोळा आपोआप वरच जातो. वेल्डरचं काही चुकलं नाही. मी त्याला गाडी उंच कर म्हणालो, पोट वर घे असं म्हणालोच नव्हतो. त्याने ठोकळे परत घेतले. मजुरी गेली ती गेली. हे वाचून तू हसली असशील तर माझी मजुरी वसूल झाली.

मग तू सांगितल्याप्रमाणे दुकानासमोर गाडीखाली शिरलो. शिरताना काही वाटलं नाही. निघताना कळलं की गुडघ्याचा सल्ला आधी घ्यायला हवा होता. हाका मारल्या. चिरंजीव धावत आले. मला वाटलं पाय धरून ओढतील, तर ते स्वतःच वाकून शेजारी येऊन आडवे झाले. दोघं बापलेक गाडीखाली उताणे. त्यानेच बोट लावून दाखवलं की ओरखडा मधोमध आहे, गिअरबॉक्सला खालून धरणाऱ्या आडव्या पट्टीवर. मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याला काहीही लागलेलं नाही.

नंतर म्हणाला, “बाबा, हे सगळं तिच्याकडे जायला चाललं आहे ना?”

मी हो म्हटलं.

“तिला विचारलंत?”

“गाडीचं विचारलं.”

“गाडीचं नाही. येऊ का, असं विचारलंत?”

हा प्रश्न त्याने विचारावा! तुझं बदलीचं पत्र आलं तेव्हा तुला न विचारता तुझ्या ऑफिसात फोन करून ‘ती येणार नाही’ असं कळवणारा हाच. मी तसं बोलून दाखवणार होतो. पण गाडीखाली माणसाचं तोंड फार जवळ असतं, आणि त्याचं तोंड बघून मी गप्प बसलो. तोच म्हणाला, “मी नव्हतं विचारलं.” आणि मला बाहेर ओढलं.

तू सांगितलंस म्हणून कळवलं. ओरखडा मधोमध आहे. पुढे काय करू?

तुझा सासरा

३० ऑक्टोबर

चि. सूनबाईस,

या वेळी तू पूर्ण पान लिहिलंस. गाडीबद्दलच लिहिलंस, पण पान ते पानच.

तुझं म्हणणं मी मास्तरांपुढे कविता पाठ म्हणून दाखवावी तसं लिहितो, चुकलं असेल तर कान धर. ओरखडा मधोमध आहे म्हणजे मोठे टायर लागत नाहीत. गिअरचा डबा घासला असता तर ते घ्यावेच लागले असते. जाड पाटा वाढवला तर गाडी उंच होईल, पण बैलगाडीसारखी आदळेल, आणि काचेचं वाटोळं होईल. पाट्यांखाली ठोकळा मागे चालतो, पुढे कधीच घालायचा नाही, ब्रेक मारला की तो सरकू शकतो. तेव्हा स्वस्त आणि बरोबर मार्ग एकच. आहेत तेच पाटे चारही बाजूंनी उतरवायचे, भट्टीत तापवून त्यांचा गेलेला बाक परत आणायचा, तेलात बुडवून पाणी द्यायचं आणि चढवायचे. पाटे तेवढेच राहिले म्हणून गाडी फारशी कडक होत नाही. आणि शेवटी लिहिलंस, ‘पाणी देणं येरागबाळ्याचं काम नाही, माझ्या वडिलांशिवाय कोणाकडे देऊ नका.’

शेवटची ओळ वाचून मी चष्मा पुसला. पुन्हा वाचली. तीच होती.

तू गेल्यापासून व्याहीबुवा आणि मी एकमेकांना दिसलो की रस्ता ओलांडतो. एकदा दोघांनीही एकाच वेळी ओलांडला आणि पुन्हा समोरासमोर आलो. अशा माणसाच्या भट्टीवर मला गाडी घेऊन धाडलंस. पण गेलो. अडला हरी.

मला त्यांनी उलट्या पिंपावर बसवलं आणि हातातलं काम संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. काम फार सावकाश संपवलं. मग विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून आलात? मी तुझं पत्र पुढे केलं. त्यांनी ते उजेडात नेऊन वाचलं, दोनदा वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवलं. मी ते परत मागितलं नाही. म्हणून वर सगळं आठवून लिहिलं आहे.

इथे माझ्याकडून एक गोष्ट बोलली गेली, ती तुला सांगून टाकतो. त्यांनी विचारलं, काचा कुठे न्यायच्या? मी म्हटलं, तुमच्या लेकीच्या घरी, खिडक्यांना प्लास्टिक आहे. त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. तू त्यांना सगळं व्यवस्थित आहे म्हणून कळवत होतीस, हे मला काय माहीत? मला वाटत होतं तू फक्त आमच्यापासून लपवते आहेस. ते मला म्हणाले, “लहानपणी बोट भाजलं तरी ही मुठीत धरून ठेवायची.” एवढंच. मग त्यांनी भाता सुरू केला.

तू त्यांच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव, मला सवय आहे.

काम त्यांनी स्वतः केलं, कोणाला हात लावू दिला नाही. पाटा लाल व्हायचा, ते डोळ्यांनीच त्याचा रंग जोखायचे, ठोकून बाक द्यायचे, तेलात सोडायचे. मी चार बोटं उंची मागितली होती, त्यांनी पाच दिली. म्हणाले, ओझ्याने पाटे बसतात, पहिल्या काही फेऱ्यांत एक बोट खाली येईल, तेव्हा तुमचं माप जुळेल. पैसे पूर्ण घेतले. मी जरा घासाघीस करायला लागलो तर म्हणाले, “फुकट केलं तर तुमच्यावर उपकार होतील. मला तुमच्यावर उपकार करायचे नाहीत.” मला ते फार आवडलं. तरीसुद्धा ज्याने काम झालं असतं अशा उपायांत हेच स्वस्त पडलं. वेल्डरकडे जाऊन आलो नसतो तर आणखी स्वस्त पडलं असतं.

निघताना त्यांनी गाडीला एक फेरी घातली आणि विचारलं, पहिल्या खेपेला कधी जाणार? मी म्हटलं, अजून बोलावणं नाही. ते म्हणाले, मग पाटे बसू देत.

तुझा सासरा

१२ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

पाटे बसले. टाकाऊ मालातल्या दोन मोठ्या काचा घोडीवर बांधून गावात, नदीपर्यंत, खडीच्या खाणीपर्यंत फेऱ्या मारल्या. एकही तडकली नाही. गाडी पूर्वीपेक्षा जरा डुलते, वळणावर सांभाळावी लागते. पण आपटत नाही.

काल चढावर गेलो. दगड तेच. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकत होतो. गाडीखालून काही म्हणजे काही आवाज आला नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे तुझ्या सासूबाई असत्या तर लिहिलं नसतं.

आता तू म्हणशील, डोकं बाहेर काढून ऐकत होतात तर गाडी कोण चालवत होतं? तेच सांगायला हे पत्र लिहितो आहे.

गाडी उंच झाली त्या दिवसापासून मला तीत चढता येत नाही. हे कोणाच्या सल्ल्यात नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. वेल्डरच्या वेळी कसाबसा चढलो होतो, पण गाडीखालून निघाल्यापासून उजवा गुडघा तेवढा वर उचलला जात नाही. आधी दुकानातलं स्टूल लावून पाहिलं, तर एकदा ते सरकलं आणि मी रस्त्यावर बसलो. फार लागलं नाही. म्हणजे लागलं, पण आता बरं आहे. तेव्हापासून चिरंजीव मला काखेत धरून चढवतात आणि तेच चालवतात. गाडी तुझ्यापर्यंत यायला उंच केली आणि तिने मलाच एकट्याने येण्यासारखं ठेवलं नाही. मी येणार म्हणजे तो येणार. हे तुला आधी कळवलं नाही, कारण कळवलं तर तू नाही म्हणशील अशी भीती वाटत होती. ती अजून वाटते आहे. पण न सांगता आलो असतो तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

काल चढ ओलांडून आम्ही तुमच्या क्वार्टरच्या खालच्या वळणापर्यंत आलो होतो. तिथून खिडक्या दिसतात. प्लास्टिक भिंगरीने रंगवलं त्याहून फिकं आहे. एका खिडकीमागे काहीतरी हलल्यासारखं वाटलं, उंचीवरून भिंगरीच असावी, पण त्यातून माणूस ओळखू येत नाही. चिरंजिवांनी गाडी बंद केली. मला वाटलं आता हा उतरतो. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले होते. मग मला विचारलं, वळवू का? मी म्हटलं, वळव.

मापाशिवाय काचवाला कोणाच्या दारात जात नाही, हा माझ्या वडिलांपासूनचा नेम आहे. घरमालकाने माप दिलं म्हणजे काच हवी आहे. अंदाजाने कापून नेली तर ती भीक तरी होते नाहीतर जबरदस्ती.

म्हणून आता सरळ विचारतो. आम्ही येऊ का? यायचं असेल तर माप पाठव. भिंगरीला दुकानात शिकवलं होतं, तिला आठवत असेल. चौकट कधीच सरळ नसते, म्हणून दोऱ्याने वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी रुंदी घ्यायची, तशीच तीन ठिकाणी उंची, आणि सगळ्यांत लहान माप खरं धरायचं. काच जरा लहान पडली तर पुट्टी सांभाळून घेते. मोठी पडली तर काही इलाज नाही. चौकटीत नुसता जोर लावून ती मोडते. आमच्या घरात नेमकं कोणी मोठं माप धरलं ते तुला माहीत आहे, त्यालाही आता माहीत आहे.

तुला तो डोळ्यांसमोर नको असेल तर तो वळणावर गाडीत थांबेल, तसं त्याने कबूल केलं आहे. तेवढा चढ मी चालेन. तू काहीच पाठवलं नाहीस तर पुन्हा विचारणार नाही. पत्र मात्र लिहीन, कारण त्याला तू अजूनही बंदी घातलेली नाहीस.

तुझा सासरा

२५ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

पाकीट मिळालं. दुकानात उघडलं. दोऱ्यांच्या चार जुड्या निघाल्या, प्रत्येक जुडीच्या टोकाला भिंगरीची गाठ. ती अजून दोनदाच वळसा घेते, मी तीनदा शिकवला होता. पण दोरा ताणून धरला होता हे कळतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट तुमच्याकडे फारच तिरकी आहे, वरच्या आणि खालच्या दोऱ्यात बोटभर फरक पडतो. मी लहान दोरा धरला.

चौथ्या जुडीला तू चिठ्ठी बांधली होतीस. ‘ही जिन्यावरची, फार उंचावर आहे. इथे तुम्ही चढायचं नाही.’

मी ती वाचली आणि चिरंजिवांकडे दिली. तो ती घेऊन दारात उभा राहिला. एका ओळीची चिठ्ठी वाचायला किती वेळ लागतो? मग त्याने मला विचारलं, “बाबा, तुम्ही चढायचं नाही, तर मग कोणी?”

मी म्हटलं, ते तिने लिहिलेलं नाही. आणि मी तिच्या वतीने सांगणार नाही. तुला काय वाटतं ते तू ठरव, आणि चुकलं तर ती सांगेलच, ती सांगायला कोणाला भीत नाही.

तो काच कापायचा हिरा घेऊन आला आणि म्हणाला, चौथी मी कापतो. त्याने आजवर काच कापली नाही, हिशेब आणि गिऱ्हाइकांशी बोलणं एवढंच तो करत आला. मी बाजूला उभा राहिलो. त्याने दोरे तीन वेळा लावून पाहिले. लहान धरला. पहिली काच वाया गेली. दुसरी कापली. आकार बरोबर आला आहे, कडेला एका कोपऱ्यात थोडी खरड आहे, ती पुट्टीखाली जाईल. तुला दिसणार नाही, पण दिसली तर ती त्याची आहे.

रविवारी निघतो. व्याहीबुवा आज सकाळी दुकानावरून जात होते. रस्ता ओलांडला नाही. गाडीखाली वाकून पाटे बघितले, म्हणाले बरोबर बसलेत, आणि भिंगरीसाठी कागदात बांधलेलं काहीतरी सीटवर ठेवून गेले. ते काय आहे ते मी बघितलेलं नाही. दाबून बघितलं, पण कळलं नाही.

काचा घोडीवर चढवल्या आहेत, मध्ये कागद घातला आहे. माझं स्टूल घेतलेलं नाही. शिडी घेतली आहे, आणि ती त्याने स्वतः बांधली आहे.

तुझा सासरा